प्रेमा सिस्टर आणि पायथ्याचा नळ

प्रेमा रणभिसे घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. मूळची नगरकडची, वडील खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगत फिरायचे. चाळिशीत तिनं नर्सेस क्वार्टरमधली खोली सोडली आणि टेकडीवरच्या झोपडपट्टीत पत्र्याची खोली घेतली. मैत्रिणी म्हणाल्या, "डोकं फिरलंय काय तुझं?" तिचं उत्तर ठरलेलं, "येशू इथं आला असता तर क्वार्टरमध्ये उतरला असता का गं?"

ड्युटी संपली की ती दारात बसून लोकांच्या जखमा धुवायची, मलमपट्टी करायची. धर्माचं बोलायची नाही. सगळे तिला सिस्टर म्हणायचे.

साल चौऱ्याऐंशी. टेकडीच्या पायथ्याशी एकच नळ, आणि त्यावर शिवदास नावाच्या दादाचा कब्जा. आधी त्याच्या माणसांची पिंपं भरायची. वरच्या बायकांना उरलंसुरलं, तेही शिव्या खाऊन. वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन देऊन सिस्टर थकली. मग तिनं बायकांना गोळा केलं.

"उद्यापासून रोज सकाळी नळाजवळ बसायचं. शिवी द्यायची नाही, दगड उचलायचा नाही, आणि उठायचंही नाही."

"तो मारेल ना, सिस्टर," शेजारची द्रौपदी म्हणाली. तिचा नवरा धोंडिराम बिगारी काम करायचा.

"मारू दे. पुढं मी बसते."

अकरा दिवस ती बसली. शिवदासनं तिचा हंडा लाथेनं उडवला. तिनं तो उचलून पुन्हा रांगेत ठेवला. तो अंगावर थुंकला. तिनं पदरानं पुसलं. पहिल्या दिवशी तीस बायका होत्या, अकराव्या दिवशी चार. कामं बुडवून किती दिवस बसणार?

बाराव्या दिवशी शिवदासनं द्रौपदीला ढकललं. दगडावर आपटून तिचं कपाळ फुटलं. धोंडिराम पहार घेऊन धावत आला, आणि सिस्टर मध्ये पडायच्या आत त्यानं शिवदासच्या नडगीवर घाव घातला.

संध्याकाळी नळ मोकळा होता. पोलिसांनी धोंडिरामला नेलं होतं, तरी वस्तीत तोच हिरो. एक बाई तोंडावर म्हणालीच, "सिस्टर, तुमच्यानं अकरा दिवसांत झालं नाही ते एका पहारीनं झालं."

ते खरंच होतं, आणि त्याचाच सिस्टरला जास्त संताप आला.

नडगी मोडलेला शिवदास हॉस्पिटलात नेमका तिच्याच वॉर्डात आला. ती त्याचं अंग पुसू लागली तर तो खेकसला, "मारायला माणूस पाठवतेस आणि वर सेवा करतेस? नाटकी बाई!" वस्तीत हे कळलं तशी द्रौपदी भडकली, "माझा नवरा लॉकअपमध्ये, आणि तुम्ही त्या मेल्याला दूध पाजता?" धोंडिरामचा डबा रोज सिस्टरच पोचवत होती, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले, "प्रेमाबाई, क्वार्टरमध्ये परत जा. हे सगळ्यांना जमत नाही."

"मग दर रविवारी आपण इथं बायबलात वाचतो काय?" ती इतकी ओरडली की दारातले लोक मागं वळले.

धोंडिराम जामिनावर सुटला आणि शिवदासची माणसं काठ्या घेऊन टेकडी चढली. सिस्टर द्रौपदीच्या दारात उभी राहिली. त्यांनी आधी तिचं मनगट मोडलं, मग द्रौपदीची खोली मोडली. ते गेल्यावर धोंडिरामनं पुन्हा पहार उचलली. सिस्टरनं चांगल्या हातानं ती धरली.

"आधी मला मार."

"बाजूला व्हा सिस्टर! तुमच्या देवानं काय दिलं आम्हाला?"

"मला ठाऊक नाही रे," ती रडतच म्हणाली. "पण सोडणार नाही."

धोंडिराम मटकन खाली बसला. पटलं म्हणून नव्हे, दमला म्हणून.

नवराबायको मुलुंडला द्रौपदीच्या भावाकडे राहायला गेली. केस उभी राहायच्या आधी सिस्टर शिवदासला भेटली. "कोर्टात खरं सांग. द्रौपदीला तू ढकललंस, तेही." कोर्टात त्यानं त्यातलं काहीच सांगितलं नाही. सिस्टरनं साक्ष दिली, दोघांचंही खरं सांगितलं, शिवदासचं ढकलणं आणि धोंडिरामचा घावही. धोंडिरामला वर्षाची शिक्षा झाली.

निकालानंतर ती कोर्टाच्या पायरीवर बसून पुटपुटली, "प्रभू, गप्प का बसतोस? माझं चुकलं असेल तर तसं सांग ना!" मग उठून द्रौपदीमागोमाग मुलुंडच्या बसमध्ये चढली. द्रौपदीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. सिस्टर तिच्या शेजारी बसली.