भांड्यांवरचा प्रोफेसर

धुळ्याच्या एका नव्या कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे तास घ्यायचे प्रोफेसरांनी आणि मी परीक्षानळ्या मांडायच्या, मुलांना क्षार ओळखायला शिकवायचं, फुटलेल्या काचा गोळा करायच्या. पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. एवढ्यालाच पुरत होती. नेमणूक टर्म संपेपर्यंतची. एप्रिलमध्ये निरोप, जूनमध्ये साहेबांची मर्जी झाली तर पुन्हा बोलावणं. मधल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या शिपायालाही पगार असे, मी मात्र कोणाचाच कोणी नसे.

माझे वडील, आबा, असोद्याला शेती करत. त्यांना ही भानगड मी अनेकदा समजावली.

“ते तुझं लंबं नाव लोकाईच्या तोंडात बसत नाही,” ते म्हणत. “पोराईले शिकवतोस ना? मंग प्रोफेसरच.”

सगळं गाव मला प्रोफेसर म्हणू लागलं. पारावरून जाताना कोणी तशी हाक मारली की माझे कान तापत. पण आबांचं तोंड कोण धरणार?

त्याच जोरावर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. जळगावातलं घर, आमच्यापेक्षा बरंच वरचढ. बघायला आले तेव्हा त्यांनी मुलीपेक्षा माझीच जास्त चौकशी केली. मी ‘डेमॉन्स्ट्रेटर’ म्हणालो, आबांनी मध्येच ‘प्रोफेसर’ म्हटलं, आणि पाहुण्यांनी सोयीचं तेवढं ऐकलं.

लग्न वैशाखात होतं. एप्रिलच्या शेवटी प्राचार्यांनी मला बोलावलं. पुढच्या वर्षी माझी जागा राहील असं दिसत नाही, म्हणाले.

“तरीपण बघू जूनमध्ये,” असं वर पाहून, पंख्याकडे बघत म्हणाले.

एस.टी.तून घरी पोचलो तर ओसरीवर कासार बसलेला, छिन्नी-हातोडीनं ठक ठक करत. भोवती घागर, तांबे, परात, लोटे, बहिणीला द्यायचं सगळं आंदण. आमच्यात भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. देणारे आबा, पण नाव त्यांनी माझं घातलं होतं, आणि आधी ‘बंधू प्रोफेसर’. कासार अक्षरावर मजुरी घेई, तरी आबांनी ‘प्रो.’ करू दिलं नव्हतं, पूर्ण प्रोफेसर हवा होता. एका लोट्यावरून बोट फिरवत त्यांनी मला तो वाचून दाखवला.

मी तिथेच त्यांना सांगितलं, नोकरी गेली.

आबांनी लोटा उलटसुलट करून पाहिला. मग कासाराला विचारलं, “हे पुसता येईन का?”

“ठोकून सपाट करीन,” कासार म्हणाला. “पण काहीतरी खोडलंय हे लांबून दिसेल.”

“मंग राहू दे,” आबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला रागही आला आणि त्यांची कीवही आली. कॉलेजानं मला काढलं होतं, आणि मान खाली घालायची पाळी या माणसावर आली होती.

लग्नात आमच्याकडे आहेर पुकारतात. भर मांडवात खणखणीत आवाजाचा एक नातलग भांडं उंच धरी, त्यावरचं वाची. घागर झाली, परात झाली, तांबे झाले. दर वेळी ‘बंधू प्रोफेसर’ मांडवभर घुमे आणि माणसं वळून मला बघत. कुठे तोंड लपवू असं मला झालं. आबा मात्र प्रत्येक भांड्याला मान हलवत होते.

जेवणं झाल्यावर व्याही पान लावता लावता मला म्हणाले, “आमचा धाकला मॅट्रिक झाला. जूनमध्ये तुमच्या कॉलेजात टाकू. तुम्ही आहातच.”

आबा डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होते. पण गप्प बसलो असतो तर तो मुलगा ट्रंक घेऊन धुळ्याला जाऊन उभा राहिला असता. मी म्हणालो, मी प्रोफेसर नव्हतो, आणि आता तर मी तिथे कोणीच नाही.

त्यांनी पान सावकाश चावलं. “मग भांड्यांवर काय कोरलंय?”

आबा पानाच्या तबकात सुपारी शोधत राहिले, सुपारी समोरच होती. थोड्या वेळानं बहीण सासरच्यांबरोबर गेली, तिच्यामागे ती सगळी भांडीही गेली.

जूनमध्ये बोलावणं आलं नाही. पाचोऱ्याच्या एका शाळेत कोणाच्या तरी रजेच्या जागेवर लागलो. दिवाळीला बहिणीला आणायला मुराळी म्हणून जळगावला गेलो. शेजारच्या दोन बायका बसलेल्या होत्या. सासू म्हणाली,

“सूनबाई, भाऊले पानी दे. अन् त्या लोट्यावर काय लिहेल आहे ते वाच जरा. मले मेलीले वाचता येत नाही.”

बायकांनी तोंडाला पदर लावला. बहिणीनं लोटा माझ्यापुढे धरला आणि सगळं वाचलं, माझ्या नावासकट, एकही शब्द न गिळता. मी ते पाणी प्यालो.

असोद्याच्या वाटेवर मी तिला विचारलं, “नेहमीचं आहे का हे?”

“कोनी आलं-गेलं की.”

“आणि तू वाचतेस?”

“वाचते ना. आबानं हौसेनं कोरेल आहे ते. मोठ्यानं वाचते.” ती थोडं चालली आणि मग हळूच म्हणाली, “भाऊ, येत्या जूनमधी बलावतीन ना रे तुले?”

“बघू जूनमध्ये,” मी म्हणालो. तिच्याकडे बघायचं टाळायला मला वर एक पंखासुद्धा नव्हता.