टँकरचं भाकीत

दुष्काळाची ती वर्षं मी पुंडलिकनगरात टँकरची वाट बघण्यात घालवली. बोअर आटलेला, नळ कोरडा, आणि चहूकडे नव्या इमारतींचे मजले मात्र जोमात चढत होते. त्यांना पाणी कुठून मिळत होतं देव जाणे. नवरा वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये, सासूबाईंचे गुडघे धरलेले. पाइप धरायला उरले मी. "तू घरीच असतेस ना," सगळे म्हणत. घरी मी पीएच.डी. करत होते, पण ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

माझा विषय यंत्रातल्या बेअरिंगची थरथर. पडद्यावर ती नुसती गिचमीड दिसते. गणितानं फोडली की आतल्या लयी सुट्या होतात, आलेखावर प्रत्येकीचं एक टोक वर येतं आणि कुठला भाग बिघडतोय ते कळतं.

टँकरचं येणंही तसंच गिचमीड. टँकर आला की मी नवऱ्याला मेसेज करायचे. एकदा वैतागून ते सगळे मेसेज काढले आणि त्यांच्या तारखा त्याच प्रोग्राममध्ये घातल्या. दोन टोकं वर आली! एक आठवड्याचं: कंपन्यांच्या सुटीला तिकडचे टँकर शहरात वळत. दुसरं, टँकर जिथं भरत त्या विहिरीवरच्या भारनियमनाच्या पाळीचं. दोन्ही जुळलं की टँकर. म्हणजे मधले दिवस माझे, लॅबमध्ये जायला मोकळी! हुरळून मी गल्लीभर सांगत सुटले.

तिथंच फसले. भाकीत खरं ठरायला लागलं तशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या गेटची किल्लीच सासूबाईंना आणून दिली. "लई हुशार हाय तुमची सून. आमचे ड्रम बी तीच भरून घेईल." मग बाकीच्यांच्याही किल्ल्या आल्या.

फेलोशिपची मुलाखत पुण्याला, नेमकी टँकरच्या दिवशी. नवऱ्याला म्हटलं, एक दिवस रजा घे.

"मुलाखत काय, पुढच्या वर्षीही असेल," तो म्हणाला. पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसणार नव्हते. त्याला ते माहीत होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी पाइप घेऊन गेटपाशी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित चुकावं म्हणून देवाचा धावा केला. एकदा तोंडघशी पडले असते तर पुन्हा कुणी माझ्यावर विसंबलं नसतं.

कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

"आला का नाय बगा!" काकू गॅलरीतून ओरडल्या. सगळी गल्ली कौतुक करत होती आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला होता. सासूबाई प्रेमानं म्हणाल्या, "आता पुढचा कधी गं?"

मी दिवस सांगितला.