दामूचा फॉर्म

घाटंजीच्या स्टँडवर त्या सकाळी आम्हाला सोडायला दोन बाप आले होते. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढल्यावर ते नेहमीचंच म्हणाले, "कागद जपजो. कागदावर आलं का थे खरं." दामूच्या वडिलांचं गावाबाहेर कापसाचं वावर. ते म्हणाले, "दोघंबी एकमेकाले पाहजा." आम्ही दोघं एकाच वर्षी डॉक्टरी शिकायला नागपूरला निघालो होतो. कळंब मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. दामू केव्हाच झोपला होता.

आता मी पंच्याहत्तरीला आलो. त्यातली बहुतेक वर्षं इंग्लंडात गेली. जे घाटंजीत राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, ते सगळे आमच्याबद्दल एकच सांगतात: मन्या जात्याच सर्जन आणि दामू जात्याच गावचा डॉक्टर. हे खरं नाही. ते मी लिहिलं होतं.

खरा प्रकार असा. दामूचे हात विलक्षण होते. हॉस्टेलच्या खुर्चीच्या पायाला दोरा बांधून तो एका हाताने टाक्याच्या गाठी मारायचा, गप्पा मारता मारता, न बघता. निर्णय घ्यायला त्याला क्षण लागत नसे. पेशंटचं ऐकून घ्यायचा मात्र त्याला कंटाळा. "यायले दुखते कुठं थे सांगाले अर्धा तास काहून लागते बे?" म्हणायचा. मी उलटा. वॉर्डात एखादी म्हातारी सुनेपासून सुरू झाली की मी स्टूल ओढून बसायचो आणि राऊंड पुढे निघून जायचा.

शेवटच्या वर्षी दामूच्या वडिलांचा हात मोडला. कापूस फुटला होता, म्हणून दामू वेचणीला गावी गेला. हजेरीला त्याच्या नावाने 'येस सर' म्हणायचं काम माझं. ते आम्ही सगळेच एकमेकांसाठी करत होतो. नेमकं त्यातल्याच एका दिवशी एका नव्या सरांनी फॉर्म वाटले. गर्दी आवडते की एकांत, राग लवकर येतो का, निर्णय लगेच घेता की विचार करून, असे पानभर प्रश्न. स्वभाव कळला की कोणती शाखा घ्यावी ते सांगू, असं सर म्हणाले. हजेरी दिली होती, तेव्हा फॉर्मही दोन भरणं आलं.

त्या काळी सर्जरी म्हणजे मान. माझ्या फॉर्ममध्ये मी दामूचा स्वभाव लिहिला. मग त्याचा कोरा फॉर्म पुढे ओढला. दोन्ही सारखे दिसले तर पकडले जाऊ, या भीतीने त्याच्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी मी मला लिहून टाकलं.

दामू परत आला तेव्हा सरांनी त्याला बोलावून सांगितलं, तुझ्यात ऐकण्याची शक्ती आहे, गावाला अशा डॉक्टरची गरज आहे. तो खोलीवर येऊन पलंगावर बसला. "तुनं काय लिहिलं होतं?"

"तुझ्याबद्दल जे खरं, तेच."

"मले माहीतच नव्हतं, मी असा हाओ," तो म्हणाला. तेव्हा सांगता आलं असतं. मी जेवायला चल म्हणालो.

तो घाटंजीला गेला, मी परदेशी. सर्जरी मला जमली, खोटं कशाला बोलू. पण ऑपरेशनच्या आधी मी पेशंटशी बोलत राहायचो आणि थिएटरमधल्या सिस्टर घड्याळाकडे बघायच्या. माझ्या आधी लागलेलेच नाही, नंतर आलेलेही पुढे गेले. कुठे चुकतंय ते मला ठाऊक होतं आणि ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

या हिवाळ्यात मी घाटंजीला गेलो, बाजाराच्या दिवशी. दामूचा दवाखाना तोच, दोन खोल्यांचा. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तो बीपीच्या पट्ट्याची गुंडाळी करत होता, ती त्याने पूर्ण केली.

"म्हंजे थो तू होता," तो म्हणाला. "अन् मी जिंदगीभर थो मानूस व्हायची मेहनत करून राह्यलो."

त्याने गुंडाळी टेबलावर ठेवली.

"सुरुवातीले लय तरास झाला. पेशंट बोलत राहे अन् मी बाहेर जाऊन उभा राहो. मग वाटे, मन्यानं लिहिलं म्हंजे आपल्यात असंनच कुठंतरी. आयकत गेलो." तो हसला. "लेका, चुकीचा पत्ता देल्ला तुनं. पन पोचलो मी."

माफ केलं की नाही, ते त्याने सांगितलं नाही. मला विचारवलं नाही. तो उठला आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. भाईर म्हातारी हाय, तिचं आयक. दवाई मी लिहितो. अर्धा तास खाते थे."

म्हातारी आली आणि सुनेपासून सुरू झाली. मी ऐकत होतो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याचीच लाज वाटत होती. ऐकता ऐकता हात टेबलाच्या ड्रॉवरवर गेला. कडीला काळा दोरा होता. गाठीवर गाठ, एका हाताने मारलेल्या, घट्ट, एकसारख्या. खालच्या जुन्या, धूळ बसलेल्या. वरच्या ताज्या.

घर कुठे, असं इथे इंग्लंडात मला कोणी विचारलं तर पूर्वी मी घाटंजी म्हणायचो. आता ती खुर्ची डोळ्यांपुढे येते. ती माझी होती आणि त्याने ती आयुष्यभर सांभाळली. ती परत मागायला मला तोंड नाही. आणि सर्जनची त्याची जी जागा मी वापरली, ती त्याला आता परत देता येत नाही.