काकूंचं यमक

हुडकेश्वरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंकडे गल्लीतल्या नव्या नवऱ्या उखाण्यासाठी येतात. भाजी निवडता निवडता काकू म्हणतात, "नाव राहू दे. त्याची खोड सांग." मग बोटांवर ताल धरून त्या यमक शोधत बसतात. 'छान'ला 'मान' त्यांना चालत नाही. "ते तं कोणीही जोडते."

ताईच्या मुलीच्या लग्नाआधी त्यांनी माझ्याकडून भाऊजींची खोड विचारून घेतली. भाऊजी गेल्यापासून ताईला कुणी नाव घ्यायला सांगत नसे.

मांडवात बायका नावं घेऊ लागल्या, तशी ताई मागे सरकली.

"तू काहून मांगं बसून राहिली वं बाई?" काकू म्हणाल्या. "विनायकरावाचं नाव कोण घेईन मंग?"

काकूंनी ताईच्या कानात दोन ओळी सांगितल्या. ताई जरा वेळाने उभी राहिली.

"चहात साखर चार चमचे, तरी म्हणायचे कमी;
विनायकरावांचं नाव घेते, लेकीच्या लग्नात मी."

आधी नवरी हसली, मग सगळ्याच. विहीणबाईंनी सरकून ताईला आपल्याजवळ बसवलं. या काकू आमच्या शेजारच्या, हे मी त्या दिवशी कुणी न विचारताच सगळ्यांना सांगत होते.