वासूला मी विचारलंच नाही

हे मी बायकोच्या फोटोसमोरसुद्धा कधी बोललो नाही. ती असती तर तिनं माझ्या तोंडावरनंच ओळखलं असतं — म्हणून ती नाही तेच बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं. बघा, कुठवर गेलो मी. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगतो. अनोळखी माणसासमोर मान तेवढी खाली जात नाही. ताठा आहे माझा. अजून आहे.

मी चौथी शिकलो, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं आईनं घरी गिरवून घेतली. आम्ही मैसूरचे रंगारी, माझ्या आजाच्या आधीपासनं इथले. लुगडी रंगवायची, ठसे मारायचे. आता तो धंदा उरला नाही. मुलगा वासू कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला, मला मैसूरच्याच गोकुलम भागात घर घेऊन दिलं. वरची खोली योग शिकायला आलेल्या परदेशी लोकांना भाड्यानं असते.

भीती कशाची, ते आधी सांगतो. हल्ली टीव्ही लावायची भीती वाटते, आणि बंद करायची त्याहून जास्त. नकाशा दाखवतात. इराणच्या खालचा समुद्र, त्यावर अमेरिकेची जहाजं — नखाएवढी. त्यातल्या एका नखावर माझा नातू आहे. चेतन. वासूचा मुलगा.

तिथल्या आरमारात कसा गेला? कॉलेजची फी भरतात, लवकर नागरिक करून घेतात — म्हणून गेला. वासूनं नको म्हटलं, यानं ऐकलं नाही, बापलेकांचं बोलणं तुटलं. आणि मी? मी फुगलो. ऐन जवानीत, बांगलादेशच्या लढाईत, याच अमेरिकेनं आपल्याला धाक दाखवायला जहाजं धाडली होती. तेव्हा दुकानाच्या फळीवर उभा राहून मी ओरडलो होतो — दुसऱ्याच्या दारात यांचं काय काम? सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. त्याच आरमाराचा पांढरा डगला घातलेल्या नातवाचा फोटो मी मोठा करून आणला आणि आमच्या रंगारी समाजाच्या सभागृहात लावला. नवरात्रात मला शाल घातली, पुढची खुर्ची दिली. घरातला फोटो बघून वरच्या खोलीतल्या अमेरिकन बाईनं हात जोडून माझे आभार मानले. त्यांच्यात सैनिकाच्या घरच्यांचे मानतात म्हणे. मी ते घेतले.

मग तो फोन आला. दुपारी, जेवून सुपारी कातरत बसलो होतो. चेतनची मुदत संपत आली होती. पुन्हा सही केली तर आणखी काही वर्षं, नाही केली तर सुटका.

"ताता," तो म्हणाला — मैसूरकडे आजोबाला ताताच म्हणतात — "मला भय होतंय. लई भय."

"कशाचं रे? जहाज गळतंय का?"

"मस्करी नको ना, ताता. ऐका. शे-दीडशे वर्षांमागे या लोकांना नुसतं जहाजात कोळसा भरायला एक बेट पाहिजे होतं. मग ते बेट राखायला शिपाई. मग त्या शिपायांना राखायला दुसरं बेट. असं करत करत मी कुठे येऊन उभा आहे बघा. इथे मला कुणी बोलावलं?"

मी चौथी शिकलेला. पण कळलं मला. फळीवर उभा राहून मी जे ओरडलो होतो, तेच तो हळू आवाजात सांगत होता.

मग बापाबद्दल म्हणाला, "अप्पाला तुम्ही विचारा ना. मी परत आलो तर घरात घेतील का? हो म्हणाले तर सही करत नाही मी."

एवढंच काम होतं. वासूला फोन लावायचा, एक वाक्य विचारायचं.

विसरलो असेन, म्हणाल. विसरलो नाही. फोन हातात घेतला होता. पण डोळ्यांसमोर पोराचं तोंड यायला हवं की नको? खुर्ची आली. फोटो काढल्यावर भिंतीवर उरणारा चौकोन आला. आणि पान चघळत विचारणारी माणसं — "काय अण्णा, नातू घाबरून पळाला म्हणे?"

मी फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी चेतनचा फोन आला. मी म्हणालो, "विचारलं रे. अप्पा म्हणतात, धरलंय ते अर्ध्यात सोडू नकोस."

"खरंच असं म्हणाले?"

"मी खोटं सांगतो होय?" आणि वर रंगाऱ्याचं शहाणपण शिकवलं — उकळत्या रंगातनं कापड अर्ध्यात वर काढलं की पट्टे पडतात, बाळा.

"पण ताता, आपले मूळचे दोघं पळालेच होते की. तुम्हीच सांगायचा."

ही आमच्यातली गोष्ट आहे. क्षत्रियांची कत्तल चालली होती, तेव्हा दोन राजपुत्र पळाले आणि हिंगलाज देवीच्या देवळात लपले. देवीनं त्यांच्या हातातली शस्त्रं काढून घेतली, रंगाचं भांडं दिलं, म्हणाली, यावर जगा. त्या पळालेल्या पोरांचे आम्ही वंशज. दर नवरात्रात ही गोष्ट मीच सांगतो, त्या पुढच्या खुर्चीवरनं उठून. लोक हात जोडून ऐकतात. आणि माझ्याच नातवानं ती माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी काय म्हणालो? "तो काळ वेगळा होता."

त्यानं सही केली.

पट्टे पडलेलं कापड रंगारी फेकत नाही, हेही मला ठाऊक होतं. गडद रंगात पुन्हा बुडवलं की नेसण्याजोगं होतं. हयातभर तेच केलं मी. त्याला तेवढं सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वासू इथे आला. जेवता जेवता, ताटाकडे बघत म्हणाला, "अण्णा, एकदा नुसतं विचारलं असतं त्यानं, तर मी विमानतळावर जाऊन उभा राहिलो असतो. इतका कसा राग त्याचा माझ्यावर?"

मी भातावरच्या सारूची, म्हणजे आमच्याकडच्या आमटीची, वाटी त्याच्यापुढे सरकवली. तेव्हा बोलायचं होतं ना? घास गिळला आणि आणखी भात घे म्हणालो. बापाला वाटतं पोरगा हट्टी, पोराला वाटतं बापानं दार लावून घेतलं. मधे मी — दोघांचाही लाडका. दोघंही मन मोकळं करतात ते माझ्याकडेच.

आणि आता तो नकाशा. हिंगलाजचं मूळ ठाणं त्याच समुद्राच्या काठाकडे आहे, पाकिस्तानात. आमच्यातलं कुणी आता तिकडे जात नाही. जिनं पोरांच्या हातातली शस्त्रं काढून घेतली, तिच्या दारासमोरच्या पाण्यात मी माझं पोर शस्त्रासकट उभं केलंय. सकाळी दिवा लावतो तेव्हा तिच्या तसबिरीकडे बघत नाही. वात लावतो आणि वळतो. तिनं काही मागून घेतलं तर? कुणाला सांगू ही भीती? ज्या वासूला सांगायची, त्याच्याच पोराबद्दलची आहे ती.

बरेच दिवस चेतनचा फोन नाही. अशा वेळी जहाजावरचे फोन बंद करतात, असं वासू म्हणतो. वासू मात्र रोज करतो. आजही केला. आवाज पार बसलाय त्याचा.

"अण्णा, तुम्हाला काही कळलं का? तुमच्याशी तरी बोलतो तो. माझ्याशी का नाही बोलत?"

"तुला माहीत आहे ना वासू," मी म्हणालो, "हट्टी आहे तो."

आजही तेच म्हणालो.