आर्लो हाउगन यांची सहाशे चाळीस काडतुसं

आर्लो हाउगन यांनी एकतीस वर्षं आमच्या फॉलन क्रीक गावातल्या शाळेची बस चालवली. बर्फ असो, चिखल असो, मागे पोरं एकमेकांच्या टोप्या खिडकीबाहेर फेकत असोत, सात वाजून वीस मिनिटांनी बस आमच्या फाटकाशी उभी. मी त्या बसमध्ये नऊ वर्षं बसलो. आम्ही फारच दंगा केला तर आर्लो बस कडेला घ्यायचे, इंजिन बंद करायचे आणि समोर बघत बसून राहायचे. ना ओरडणं, ना धमकी. दोन मिनिटांत आमचीच आम्हाला लाज वाटायची.

त्यांचा दुसरा उद्योग काडतुसं भरण्याचा. आम्ही गावच्या नेमबाजी क्लबातल्या लोकांनी रेंजवर गोळ्या झाडायच्या आणि रिकाम्या पितळी पुंगळ्या त्यांना नेऊन द्यायच्या. ते त्या धुऊन, तपासून, नव्यानं बारूद मोजून भरून परत द्यायचे. गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. तिथे रेडिओ नाही, फोन नाही, आणि बारूद मोजताना गप्पा तर नाहीतच. पन्नास पुंगळ्या भरल्या की टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावायचं, मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा डोकावायचं. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी हरणाचं सॉसेज आणून द्यायचं, कुणी लाकडं फोडून. मी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतो, मी त्यांच्या गाडीची बॅटरी बघायचो. क्लबातले चौदापैकी अकरा जण त्यांचीच काडतुसं वापरायचे आणि डोळे मिटून वापरायचे.

आता माझ्याबद्दल. माझी रायफल सेमी-ऑटोमॅटिक, त्यातही पिस्टनवाली. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाप दाबला की एक गोळी सुटते, आणि तिच्या मागचा थोडा वायू पुढची सगळी कामं करतो: रिकामी पुंगळी बाहेर फेकणं, नवं काडतूस आत ढकलणं. दुसऱ्या प्रकारात हा वायू काजळीसकट थेट यंत्रात शिरतो. पिस्टनवालीत तो वर नळीपाशीच एका दांड्याला ढकलतो आणि काम दांडा करतो, त्यामुळे आतलं यंत्र स्वच्छ राहतं. म्हणून ती अडकत नाही, म्हणून ती महाग, आणि म्हणून तिचे मालक असह्य.

मी असह्यांच्या पहिल्या रांगेतला. इंटरनेटवर या रायफलीच्या मालकांचं एक पान आहे, तिथे जो तो आपले अनुभव लिहितो. माझा अनुभव सगळ्यात वर होता: चार वर्षं, साडेसहा हजार गोळ्या, तीनदाच साफ केली, एकदाही अडकली नाही. ओहायोतले, जॉर्जियातले अनोळखी लोक मला विचारून रायफल घ्यायचे आणि आभार मानायचे. त्या साडेसहा हजारांतली जवळपास सगळी काडतुसं आर्लोंनी भरलेली होती. ते मात्र मी कुठे लिहिलं नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी क्लबची मॅच होती. रेंजवर सावलीत अजून बर्फ होतं आणि वारा बोचत होता. माझी पाळी आली, मी आडवा पडलो, पहिली गोळी झाडली आणि रायफल अडकली. पुंगळी अर्धवट बाहेर येऊन तशीच उभी. काढली, पुन्हा झाडली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

मागून कुणीतरी म्हणालं, "काय ड्वेनशेठ, आज पानावर काय लिहिणार?"

सगळे हसले. मला तेव्हाच हसता आलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण चार वर्षं शेखी मिरवलेल्या माणसाला हसणं जमत नाही.

रॉक्सी टेगन माझ्या शेजारी येऊन वाकली. ती आमच्या क्लबची प्रमुख, एरवी गुरांची डॉक्टर. "वायू कमी-जास्त करायची चकती बघितलीस का?"

"बघितली," मी म्हणालो. बघितली नव्हती.

"मग झालं काय?"

"काडतुसं आर्लोंची आहेत," मी म्हणालो, आणि आवाज अजिबात खाली ठेवला नाही. "हलकी लागतायत. बारूद कमी पडलीय."

हे बोलणं साधं नाही. आमच्यात कुणाला चोर म्हटलेलं एक वेळ चालेल, पण हे नाही. एखाद्या काडतुसात बारूद फारच कमी असली तर गोळी नळीतच अडकून राहते, आणि पुढची झाडली की नळी तोंडाशी फुटते. मी असं म्हटल्यावर रॉक्सीला दुसरा मार्गच नव्हता. तिनं मॅच थांबवली आणि आर्लोंची काडतुसं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती बाजूला ठेवावीत असं जाहीर केलं. म्हणजे मॅच संपलीच.

आर्लो चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याच्या, पातेल्यापाशी उभे होते, हातात डाव होता. तो खाली ठेवून ते माझ्याकडे आले.

"किती वेळा अडकली?"

"तीन."

"लागोपाठ?"

"लागोपाठ."

त्यांनी मान हलवली. मग ते प्रत्येकाच्या गाडीपाशी जाऊन हात पुढे करून आपलेच डबे परत मागू लागले, आणि प्रत्येकाला "माफ करा हं" म्हणू लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी रायफल पिशवीत भरत होतो आणि बघत नसल्याचं दाखवत होतो.

घरी आल्यावर दुपारी तीनच्या सुमारास मी पिकअपचं मागचं फळकूट पाडून त्यावर रायफल उघडली. नळीच्या वर एक छोटी चकती असते, तिला दोन खुणा असतात. मोठी खूण नेहमीसाठी, छोटी सायलेन्सर लावल्यावर, कारण सायलेन्सर लावला की वायू जास्त मागे येतो आणि तो कमी करावा लागतो. माझी चकती छोट्या खुणेवर होती. गुरुवारी बहिणीच्या रँचवर वासरांच्या मागे कोयोट, म्हणजे आमच्याकडचे लांडग्यासारखे कोल्हे, लागले होते, वासरं बुजू नयेत म्हणून मी सायलेन्सर लावला होता. मॅचला तो चालत नाही म्हणून काढला. चकती फिरवायची विसरलो. दांड्याला ढकलायला वायूच पुरत नव्हता.

खात्री करायची म्हणून चकती जागेवर आणली आणि खिशात राहिलेली आर्लोंची पाच काडतुसं घेऊन मागच्या टेकाडाकडे झाडली. पाचही पुंगळ्या सणसणत बाहेर पडल्या.

माझ्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी येऊन सांगतो की तुमचा पार्ट खराब निघाला. मी पहिलं विचारतो, नीट बसवलात का? दहातल्या नऊ वेळा बसवलेला नसतो. त्या लोकांना मी घरी जेवताना हसायचो.

आर्लोंना त्याच क्षणी फोन करायला हवा होता. मी ठरवलं, सोमवारी करू. सोमवारी वाटलं, समोर भेटून सांगू. आणि या सगळ्याच्या आधी, त्याच संध्याकाळी, मी त्या पानावर लिहून टाकलं होतं: आज पहिल्यांदा अडकली, कारण घरगुती भरलेली काडतुसं, रायफलीचा काहीही दोष नाही. अठरा लोकांनी पसंतीचे अंगठे दिले. हे लिहिताना माझा हात जराही थबकला नाही, हे मला सांगून टाकलंच पाहिजे.

तीन आठवड्यांनी आर्लो दुकानात आले. डोळे लाल होते. परत घेतलेली सगळी काडतुसं त्यांनी एकेक करून उघडली होती. गोळी उपसायची, बारूद काट्यावर ओतायची, वजन बघायचं. सहाशे चाळीस.

"सगळी बरोबर निघाली रे," ते म्हणाले. "एकही हलकं नाही."

"मग झालं तर," मी म्हणालो. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

"झालं कसं? म्हणजे जी तीन चुकली होती ती नेमकी तुझ्याच डब्यात गेली. तुझ्या तोंडापाशी नळी फुटली असती, लेका. मी लहानपणापासून बघतोय तुला. मला माफ कर."

आणि मी म्हणालो, "जाऊ द्या हो, आर्लो, होतं असं." मी त्यांना माफ केलं.

त्यांनी काडतुसांचं टेबल चादर टाकून झाकून ठेवलं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्यांची बायको लव्हॉन, तिची बोटं संधिवातानं वाकलेली, तिला दर चौथ्या मंगळवारी नव्वद मैलांवर रॅपिड सिटीला सलाईनमधून औषध घ्यायला जावं लागतं. आर्लोच नेत. लव्हॉननं ठरवलं की जो हात बारुदीत चुकतो तो रस्त्यावरही चुकेल, आणि गाडीच्या किल्ल्या आपल्या पर्समध्ये ठेवल्या. आर्लोंनी वादही घातला नाही. त्यांनाही तसंच वाटू लागलं होतं.

मी म्हणालो, मी नेतो.

खरं बोलण्यापेक्षा एकशे ऐंशी मैल गाडी हाकणं मला सोपं वाटलं. मे ते नोव्हेंबर, सात मंगळवार. चर्चमधल्या बायका मला बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, बघा किती गुणाचा. बहीण म्हणाली, "तू सुधारलास रे." लव्हॉन दर वेळी दालचिनीचे रोल बांधून द्यायची. ते मी घरी नेऊन कुत्र्याला घालायचो.

सातव्या मंगळवारी परतताना लव्हॉन पुढे माझ्या शेजारी होती, आर्लो मागे. रॅपिड सिटी सोडायच्या आत ते म्हणाले, "ड्वेन, जरा लायसन्सच्या ऑफिसशी थांबशील? पाच मिनिटांचं काम आहे."

"नूतनीकरण का?"

"नाही. परत देऊन टाकतो. खिशात असलं की उगाच मोह होतो."

लव्हॉन खिडकीबाहेर बघत होती. मी ऑफिसच्या आवारात गाडी लावली. आरशात मला दिसलं, आर्लो पाकिटातून कार्ड काढून त्यावरचा स्वतःचा फोटो बघत होते. मग त्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

"थांबा," मी म्हणालो. "काडतुसं बरोबर होती."

"काय?"

"एप्रिलमधली. तुमची काडतुसं बरोबर होती. माझी चकती छोट्या खुणेवर राहिली होती. रॉक्सीनं विचारलं तेव्हा मी न बघताच बघितली म्हणून सांगितलं."

आर्लोंनी कडीवरचा हात काढला.

"तुला कधी कळलं?"

इथे मला अजून एक खोटं सुचलं होतं. परवाच कळलं, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "दुपारी तीन वाजता."

आर्लोंनी कार्ड पाकिटात परत ठेवलं. बोलली ती लव्हॉन, आणि तीसुद्धा माझ्याशी नाही, समोरच्या काचेशी बोलावं तशी. "छप्पन्न वर्षं मी याच्या शेजारी बसले. गारा पडल्या, बर्फात अडकलो, कधी भीती वाटली नाही. आणि हा पोरगा एकदा तोंड उघडून काहीतरी बोलला, तर मी किल्ल्या काढून घेतल्या." तिनं वाकड्या बोटांनी पर्स उघडायचा प्रयत्न केला. ती उघडेना. आम्ही दोघंही मदतीला गेलो नाही. शेवटी उघडली, आणि तिनं किल्ल्या मागे वळून आर्लोंच्या हातात ठेवल्या. त्यांची गाडी नव्वद मैलांवर घरी उभी होती, तरी त्यांनी त्या मुठीत धरल्या आणि घर येईपर्यंत मूठ सोडली नाही.

पुढच्या मॅचला मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. रॉक्सी म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, ड्वेन," आणि वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्या पानावरही मी सगळं लिहिलं. तिथे माझ्या प्रामाणिकपणाबद्दल दोनशेवर अंगठे आले. मग मी तिथे जाणंच सोडलं.

आर्लो पुन्हा गाडी चालवतात. काडतुसंही भरतात, सगळ्यांसाठी, माझ्यासाठीसुद्धा. मी नको म्हटलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. फक्त एक गोष्ट नवी आहे. माझा डबा तयार झाला की ते मला गॅरेजात बोलावतात, डब्यातलं कुठलंही एक काडतूस मलाच उचलायला सांगतात, माझ्यासमोर ते उघडतात, बारूद काट्यावर ओततात आणि चष्मा वर करून मला विचारतात, "बघ बरं, बरोबर आहे ना?"

हा टोमणा असता तर मी आनंदानं सोसला असता. पण टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. काट्यावर आकडा स्वच्छ दिसत असतो, त्यांनाही दिसत असतो, आणि तरी माझं "हो" येईपर्यंत त्यांची खात्री होत नाही, ते माझ्या तोंडाकडे बघत थांबतात.