म्हशीच्या मागनं

तासगावात बेदाण्याच्या शेडला गंधकाची धुरी दिली, की मला दाजीकाका आठवतात. असाच वास सुटला होता आणि फौजेतून रिटायर झालेले काका सीमेवरच्या हल्ल्याचं सांगत होते.

"आमचं साहेब पडलं, मागोमाग सुभेदारबी. समोरनं गोळ्या येत होत्या, आन् गाव रिकामं करायचं माझ्यावर आलं. एक म्हातारी तर म्हशीबिगर हलंना!"

"आवं काका, मग तुमी कवा निघाला?"

"म्हशीच्या मागनं की रं!"

मी इतका हसलो की बेदाणा घशात अडकला. पुढं घरच्या प्रत्येक लग्नात हा किस्सा मीच रंगवून सांगितला. डोक्यावरचे केस गेल्यावर, यंदा धुरीत खोकताना कुठं अक्कल आली. त्या गावातून सगळ्यांत शेवटी निघाली ती म्हैस, आणि काका तिच्याही मागं होते.